तीस दिवसांचे तगर

दोन विमानतळांची नावे दिली की आज दोन आकडे लगेच हाती येतात. एक अंतराचा, दुसरा वेळेचा. पहिला आकडा पृथ्वीच्या पाठीवरून ताणलेल्या सर्वांत आखूड रेषेचा असतो आणि तो बदलत नाही. दुसरा विमानाच्या जातीवर, वाऱ्यावर, ऋतूवर आणि वाटेतल्या देशांच्या मर्जीवर अवलंबून असतो. मुंबईहून लंडनला जाताना उंचावरचे पश्चिमी वारे समोरून लागतात, परतताना ते पाठीशी असतात; म्हणून त्याच दोन शहरांमधला जाण्याचा आणि येण्याचा वेळ सारखा नसतो. तरीही प्रवासी ज्याला 'अंतर' म्हणतो ते बहुधा हा दुसरा आकडाच असतो. धाराशिवकडच्या माणसाला मुंबई किती लांब असे विचारले तर तो किलोमीटर सांगणार नाही. 'एका रात्रीची गाडी' असे सांगेल. 'मजल' हा आपला जुना शब्दही असाच आहे. एका मुक्कामापासून दुसऱ्या मुक्कामापर्यंतची, म्हणजे सामान्यतः एका दिवसाची, वाट ती मजल. तिची लांबी कोसांत ठरलेली नाही.

वेळेत सांगितलेले हे अंतर आजच्या अभ्यासकाला ढिसाळ वाटते. नकाशाच्या सवयीने आपण असे धरून चालतो की किलोमीटर हे खरे माप आणि दिवस हे त्याचे कामचलाऊ रूप. या लेखात आम्ही एका प्रकरणाच्या आधाराने याच्या उलट बाजू मांडू इच्छितो. धाराशिव जिल्ह्यातील तेर या गावाची प्राचीन ओळख ज्या पुराव्यांवर उभी आहे, त्यांत दिवसांचे दोन आकडे अतिशय महत्त्वाचे आहेत. त्या आकड्यांत किलोमीटरांत न मावणारे बरेच काही साठलेले आहे.

'पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी' हा ग्रीक ग्रंथ इतिहासाच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यास, ईजिप्तमधून भारताशी व्यापार करणाऱ्या कोणा व्यापाऱ्याने वा नाविकाने तो लिहिला. लेखकाचे नाव उपलब्ध नाही. जर्मनीतील हायडेलबर्ग येथे असलेल्या दहाव्या शतकातील एका हस्तलिखितामुळे तो आपल्यापर्यंत पोचला. ग्रंथाला साहित्यिक आकांक्षा नाही. कोणत्या बंदरात काय विकावे, काय घ्यावे, कोठे खडक आहेत, कोणत्या महिन्यात निघावे, एवढेच तो सांगतो. त्यात दक्षिणापथाचा उल्लेख येतो आणि तेथील दोन पेठा विशेष म्हणून नोंदवल्या जातात. पहिली पैठण: बॅरिगाझापासून, म्हणजे भडोचपासून, दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर. दुसरी तगर: पैठणच्या पूर्वेस आणखी दहा दिवसांवर, फार मोठे नगर. पैठणहून अकीकाच्या जातीचे खडे आणि तगरहून साधे कापड, मलमलीचे प्रकार व समुद्रकाठच्या प्रदेशातून तेथे आलेला इतर माल गाड्यांतून, रस्ता नसलेल्या मोठ्या मुलखातून, भडोचला उतरतो असे लेखक सांगतो. पुढे दुसऱ्या शतकात टॉलेमीनेही आपल्या भूगोलात तगराचे नाव घेतले.

हे तगर कोठे होते, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकात विद्वानांपुढे आला. तत्पूर्वीच फ्रान्सिस विल्फर्डने 'एशियाटिक रिसर्चेस'च्या पहिल्या खंडात तगर म्हणजे देवगिरी असे मत दिले होते. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी जुन्नर सुचवले. रा. गो. भांडारकरांनी निजामाच्या राज्यातील धारूरचे नाव पुढे केले. जॉन फेथफुल फ्लीट यांचा कल आरंभी कोल्हापूरकडे होता. शिलाहार राजे ताम्रपटांत स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवीत, म्हणजे त्यांचे मूळ तगराचे; आणि शिलाहारांची एक शाखा कोल्हापूर भागात राज्य करीत होती, हे ध्यानात घेतले तर हा कल अगदीच निराधार नव्हता. अखेर १९०१ साली फ्लीट यांनीच लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात आपले मत बदलून तगर म्हणजे तेर असे प्रतिपादन केले. त्यानंतर थोड्याच काळात हेन्री कझिन्स यांनी तेरची पाहणी केली आणि पुरातत्त्व खात्याच्या १९०२-०३ च्या अहवालात तिचा वृत्तान्त दिला.

या सर्व उमेदवारांना पेरिप्लसच्या दोन आकड्यांची कसोटी लावून पाहणे उद्बोधक आहे. भडोच ते पैठण हे सरळ रेषेतले अंतर सुमारे ३५० किलोमीटर भरते. ते वीस दिवसांचे, म्हणजे रोजचे साडेसतरा किलोमीटर झाले. प्रत्यक्ष वाट वळणांची असल्याने चाल याहून थोडी अधिक धरावी लागेल. त्याच चालीने दहा दिवसांत पैठणहून कोठे पोचता येईल? देवगिरी पैठणपासून सुमारे ५५ किलोमीटरांवर, तेही उत्तरेस; तीन-चार मजलांचे काम. कोल्हापूर सुमारे ३३० किलोमीटर, म्हणजे जवळपास भडोचइतकेच लांब. धारूर १०५ किलोमीटरांच्या आसपास. सहा दिवसांत संपणारी वाट. जुन्नरचे अंतर, सुमारे १६० किलोमीटर, जुळते. परंतु ते पैठणच्या पश्चिमेस, म्हणजे ग्रंथाने सांगितलेल्या दिशेच्या नेमके उलट आहे. तेर सुमारे १५० किलोमीटरांवर आहे. रोजचे पंधरा किलोमीटर धरले की दहा दिवस भरतात.

येथे एक आक्षेप संभवतो आणि तो टाळून चालणार नाही. तेर पैठणच्या पूर्वेस नाही. ते आग्नेयेस आहे आणि दिशा काटेकोरपणे पाहिली तर पूर्वेपेक्षा दक्षिणेकडे अधिक झुकलेली आहे. मग अंतर खरे मानायचे आणि दिशा सैल सोडायची, हा सोयीचा न्याय नव्हे काय?

आम्हांस तसे वाटत नाही, आणि त्याचे कारण या आकड्यांच्या उगमात आहे. पेरिप्लसचा लेखक पैठणला किंवा तेरला गेला होता असे ग्रंथावरून दिसत नाही. त्याचे ज्ञान बंदरावरचे आहे. भडोचच्या धक्क्यावर माल घेऊन आलेल्यांकडून ऐकलेले. अशा ऐकीव माहितीत दिशा हा सर्वांत कच्चा भाग असतो. वाट नदीच्या कडेने, घाटाच्या तोंडाने वळत जाते. गाडीवानाला रोजचा सूर्य दिसतो, पण तीस दिवसांच्या वाटेची एकूण दिशा मनात मांडण्याची त्याला गरज नसते. भडोचपासून पैठणची दिशाही ग्रंथात 'दक्षिण' अशी दिली आहे. प्रत्यक्षात तीही आग्नेयच आहे. दिवसांचे तसे नाही. दर दिवसाचा चारा विकत घ्यावा लागतो, माणसांची मजुरी चुकवावी लागते, मुक्कामाच्या जागी पाणी असावे लागते. दिवस चुकले तर व्यवहार चुकतो. म्हणून व्यापाऱ्याच्या तोंडून आलेल्या वाक्यात दिवसांचा आकडा हा हिशेबातला आकडा असतो आणि दिशा ही बोलण्यातली. एकाच वाक्यातील दोन शब्दांची विश्वसनीयता सारखी नसते, ही गोष्ट साहित्याच्या अभ्यासकांना नवी नाही. इतिहासाच्या साधनांनाही ती लागू आहे.

दिवसांचा हा आकडा स्वाभाविक आहे की नाही हे पाहण्यासाठी महाराष्ट्रात फार दूर जावे लागत नाही. आळंदीहून पंढरपूरला जाणारी ज्ञानेश्वर महाराजांची पालखी सुमारे अडीचशे किलोमीटरांची वाट साधारणपणे अठरा ते वीस दिवसांत चालते. त्यात दोन-दोन रात्रींचे मुक्काम येतात, रिंगणे येतात. दिवसाची सरासरी बारा ते चौदा किलोमीटरांवर येते. भरल्या गाडीचा बैल दिवसाकाठी याहून फार अधिक चालत नाही. शतके उलटली, रस्ते बदलले. पण माणूस आणि बैल यांच्या पायांची मजल फारशी बदललेली नाही. या स्थिरतेमुळेच पहिल्या शतकातील 'दहा दिवस' आज आपल्याला वाचता येतात. जे माप ढिसाळ म्हणून आपण बाजूला सारतो, त्याचा प्रमाणदंड प्राण्याच्या शरीरात आहे.

टॉलेमीला मात्र या मापाची अडचण वाटली. प्रवाशांनी दिवसांत सांगितलेली अंतरे तशीच्या तशी धरली तर जग फार लांबट होते; वाटेची वळणे आणि थांबे यांसाठी ती कमी करून घ्यावी लागतात, असा विचार त्याने आपल्या ग्रंथाच्या पहिल्या भागात मांडला आहे. दिवसांचे अंश-कलांत रूपांतर करण्याचा तो मोठा प्रयत्न होता. पण त्याच्या नकाशात भारताचे द्वीपकल्प चेपले गेले, आणि त्याच्या अंशांवरून तगर शोधणे जमण्यासारखे नव्हते. नाविकाच्या साध्या वाक्यावरून मात्र ते सापडले.

अर्थात केवळ आकड्यांवर ओळख पटत नाही. 'तगर'मधला मधला 'ग' प्राकृतात लोपतो आणि 'तयर', 'तेर' अशी वाटचाल होते. 'नगर'चे 'नयर' आणि पुढे 'नेर' होऊन संगमनेर, अंमळनेर ही नावे झाली, तीच ही रीत. दुसरा पुरावा जमिनीतला. तेर्णा नदीकाठच्या पांढरीच्या टेकाडांतून सातवाहनकालीन वस्तू पिढ्यान्‌पिढ्या वर येत राहिल्या. गावातील रामलिंगप्पा लामतुरे यांनी त्या जमवल्या आणि त्या संग्रहातून आज तेथे त्यांच्या नावाचे शासकीय संग्रहालय उभे आहे. १९५८ साली बा. ना. चापेकर यांनी तेरला उत्खनन केले. मातीच्या मूर्ती, मणी, रोमन धाटणीच्या वस्तू आणि हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती ही तेरची ठेव. त्या मूर्तीची तुलना इटलीत पाँपेई येथे १९३८ साली सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी नेहमी केली जाते. पाँपेई इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गेले. म्हणजे ती मूर्ती पेरिप्लसच्या काळाच्या आगेमागेच समुद्रापार पोचली होती. गावातील त्रिविक्रमाचे विटांचे देऊळ मागच्या बाजूने अर्धगोल आहे आणि मुळात ते बौद्ध चैत्यगृह असावे असे अनेक अभ्यासक मानतात. नाव, अंतर आणि माती या तिन्ही साक्षी एका गावावर येऊन मिळतात, तेव्हा दिशेची चूक क्षम्य ठरते.

येथवर दिवसांचा उपयोग आपण गाव शोधण्यासाठी केला. गाव सापडल्यावर तेच दिवस उलट वाचता येतात आणि तेव्हा ते अधिक बोलके होतात.

तेरचा माल भडोचला का जात होता? तेरहून कल्याण सरळ रेषेत सुमारे ३३० किलोमीटर, तर भडोच सुमारे ५०० किलोमीटर आहे. पेरिप्लसच्या हिशेबाने कल्याणची वाट वीसेक दिवसांत संपली असती. घाट अवघड होते हे खरे. पण नाणेघाटातील सातवाहनांचा प्राचीन लेख सांगतो की ती वाट राजांच्या लक्षातली होती. उत्तर पेरिप्लसच्या पुढच्याच परिच्छेदात आहे. कल्याण पूर्वी कायदेशीर बंदर होते. नंतर तेथील व्यापारावर बंधने आली आणि चुकून तेथे आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात. क्षत्रप आणि सातवाहन यांच्या झगड्याची ही सावली मानली जाते. म्हणजे तेरच्या कापडाला जे तीस दिवस लागत, त्यांतले दहा दिवस भूगोलाचे नव्हते, राजकारणाचे होते. याचा अर्थ समजायला आजच्या वाचकाला कष्ट पडू नयेत. २०१९ साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत पाकिस्तानचे आकाश बंद होते, तेव्हा दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानांना दक्षिणेकडून वळसा घ्यावा लागला. एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांवर पुन्हा तीच वेळ आली. दोन विमानतळांमधले किलोमीटर तेच राहिले, तास वाढले. सीमा कोठे आहे हे नकाशा सांगतो. ती बंद आहे की उघडी हे वेळ सांगते.

तीस दिवस आणखी एक गोष्ट सांगतात. ईजिप्तहून भारताकडे येणारी जहाजे जुलैच्या सुमारास निघत आणि नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांवर येत. परतीसाठी ईशान्येचे वारे हवेत, ते हिवाळ्यात मिळत. तेरच्या आसपासची जमीन काळी. पावसाळ्यात त्या चिखलातून भरली गाडी निघत नाही. वाटा वाळेपर्यंत आश्विन उजाडतो. त्यानंतर महिनाभराची वाट चालून माल कार्तिक-मार्गशीर्षात भडोचला पोचला तर परतीची जहाजे सापडत असतील, असा तर्क करता येतो. तसे असेल तर मजल उशिरा सुटण्याचा दंड चार-आठ दिवसांचा नव्हता, वर्षाचा होता.

आणि समुद्रापारचे काय? प्लिनीने अलेक्झांड्रियाकडून केरळच्या मुझिरिस बंदराकडे येणाऱ्या वाटेचे टप्पे दिले आहेत. नाईलमधून वर कॉप्टोसपर्यंत बारा दिवस. तेथून वाळवंटातून उंटांवर बेरेनिके बंदरापर्यंत बारा. तांबड्या समुद्राच्या तोंडाशी ओकेलिसपर्यंत सुमारे तीस. आणि तेथून उघड्या समुद्रातून मुझिरिसला चाळीस. भडोचची वाट थोडी निराळी असली तरी प्रमाण समजण्यास हे पुरेसे आहे. हजारो किलोमीटरांचा महासागर चाळीस दिवसांचा, आणि तेर ते भडोच हे पाचशे किलोमीटर तीस दिवसांचे. व्यापाराच्या इतिहासात आपण जहाजांचे वर्णन उत्साहाने करतो, मोसमी वाऱ्यांच्या शोधाची कथा सांगतो. दिवस मोजले तर त्या प्रवासातील खरा दुर्गम टप्पा जमिनीवरचा, आपल्या मराठवाड्यातून जाणारा होता.

हा टप्पा आखडायला पुढे जवळजवळ अठराशे वर्षे लागली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांची बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, ते बार्शी अशी सुरू झाली आणि येडशी, ढोकीवरून १९११ साली लातूरपर्यंत गेली. अडीच फुटी रुळांची ही गाडी तेरच्या परिसरातूनच धावली. कापूस पुन्हा याच मुलखातून समुद्राकडे निघाला, या वेळी मुंबईकडे. पण कुर्डुवाडीला रुळांची रुंदी बदले आणि माल एका गाडीतून उतरवून दुसरीत भरावा लागे. अंतर आखडले तरी वेळ कोठे तरी अडतोच, आणि तो जेथे अडतो तेथे हमालांची वस्ती वाढते. रुंद रूळ धाराशिवपर्यंत यायला २००७-०८ उजाडले.

तेर आता मोठे नगर नाही. गोरा कुंभारांचे गाव म्हणून वारकरी ते जाणतात, उत्तरेश्वराच्या देवळासाठी स्थापत्याचे अभ्यासक जाणतात. जिल्ह्याच्या गावाचे नाव २०२३ साली उस्मानाबादचे धाराशिव झाले, तेव्हा नावांच्या प्राचीनतेविषयी पुष्कळ चर्चा झाली. तेरने तर आपले नाव कधी सोडलेच नव्हते, केवळ बोलण्यात झिजवले होते. तरीही ते ओळखायला १९०१ पर्यंत थांबावे लागले. मोठ्या नगराची कल्पना मनात धरून शोधणाऱ्यांनी प्रथम देवगिरी, कोल्हापूर अशी मोठी नावे पुढे केली. दिवसांचा हिशेब मात्र एका लहान गावाकडे बोट दाखवीत होता.

पेरिप्लसच्या त्या वाक्यात तगरच्या कोणाचेही नाव नाही. विणकर नाही, रंगारी नाही, गाडीवान नाही. त्यांनी स्वतःविषयी काही लिहून ठेवले असेल तर ते आपल्यापर्यंत आलेले नाही. पण 'वीस दिवस' आणि 'दहा दिवस' हे आकडे परक्या लेखकाने मोजलेले नव्हते. ते चालून आलेल्यांनी त्याला सांगितले होते. ग्रीक भाषेत लिहिलेल्या त्या ग्रंथात दक्षिणापथाच्या गाडीवानांचे स्वतःचे असे जे काही उरले आहे ते एवढेच. विद्यार्थ्यांनी हे पान वाचताना वस्तूंच्या यादीपाशी जितके थांबतात तितकेच या दोन आकड्यांपाशी थांबावे, अशी आमची सूचना आहे. तगर कोठे होते हे सांगणारी मूळ साक्ष त्या चालणाऱ्यांचीच आहे.